नंबर नाही म्हणता, पण मोजलं कुणी?

मागच्या महिन्यात एका शनिवारी रात्री दहाला नागपुरात गाडीत रेडिओ लावला, तर नेहमीचा डान्स शो लागलाच नाही. सकाळच्या शोमधलेच तुकडे पुन्हा वाजत होते. मला वाटलं काही बिघाड असेल. पुढच्या शनिवारीही तेच. सोमवारी त्या स्टेशनच्या सेल्समधल्या मुलाला फोन केला. स्टेशनचं नाव इथे लिहीत नाही, त्या मुलाला तिथे नोकरी करायची आहे. तो म्हणाला, "ताई, तो स्लॉट बंद केला. नाइटले नंबरच नाही."

मी विचारलं, "कोणता नंबर?"

तो जरा थांबला. मग व्हॉट्सॲपवर एक स्लाइड आली. रात्री नऊनंतर श्रोते कसे कमी होत जातात, ते दाखवणारी उतरती रेघ. स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत शहराचं नाव होतं. मुंबई.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबेल, पण वाचा.

माझी धरमपेठेत छोटी जाहिरात एजन्सी आहे. सोळा वर्षं झाली, साडीवाले, सराफ, कोचिंग क्लास, लॉनवाले यांच्यासाठी मी रेडिओवरची वेळ विकत घेते. दहा सेकंदांचा रेट, दिवसाचे स्पॉट, आरजेचं मेन्शन, यातच माझा दिवस जातो. म्हणून सगळ्यात आधी स्वतःबद्दल सांगते. हा "नंबर काय?" प्रश्न मीही कितीतरी मीटिंगांमध्ये विचारला आहे, आणि समोरून जे उत्तर आलं ते क्लायंटला जसंच्या तसं सांगितलं आहे. ते कुठून आलं हे मी कधी विचारलं नाही. ती माझी चूक होती.

नागपुरात रेडिओची नियमित मोजणी होतच नाही. टीव्हीचे प्रेक्षक मोजायला बार्क ही संस्था आहे, निवडक घरांत तिचे मीटर आहेत. रेडिओसाठी 'रॅम' नावाची पद्धत २००७ मध्ये टॅम मीडिया रिसर्चने सुरू केली, तीही दिल्ली, मुंबई, बेंगळुरू आणि कोलकाता एवढ्या चार शहरांत. निवडलेल्या माणसांना छापील डायरी द्यायची, त्यांनी कधी कोणतं स्टेशन ऐकलं ते त्यात भरायचं. शहरामागे पॅनल ४८० जणांचं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. ४८० माणसांवरून सकाळच्या शोचा ढोबळ अंदाज येत असेलही. पण त्यातले शनिवारी रात्री दहा ते बारा जागे किती, जागे असलेल्यांपैकी रेडिओ लावणारे किती, आणि त्यातले डान्स शो ऐकणारे किती? इतक्या चाळण्या लावल्यावर हातात मूठभर डायऱ्या उरतात. त्यातला एक जण त्या आठवड्यात गावाला गेला तरी रेघ खाली येते. आणि त्या रेघेवरून आमच्या नागपुरातला शो बंद होतो.

दुसरा आधार असतो आयआरएसचा, म्हणजे इंडियन रीडरशिप सर्व्हेचा. तो मुळात वर्तमानपत्रांसाठीचा. त्यात रेडिओ ऐकता का हेही विचारतात, पण २०१९ नंतर बरीच वर्षं तो झालाच नाही. तरी सरकारी जाहिरातींचा दर ठरवताना शहराची लोकसंख्या आणि हीच आकडेवारी धरतात. २०२३ मध्ये दहा सेकंदांचा मूळ दर ५२ वरून ७४ रुपये झाला, त्याच्या हिशोबातही ती आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनेही २०१६ मध्ये रेडिओच्या श्रोतामापनावर शिफारशी दिल्या होत्या. पण नागपुरात डायरी घेऊन फिरणारं माणूस मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

बरं, उद्या डायरी आली असं धरू. ती कोणाच्या हातात पडेल?

ही गोष्ट गेल्या लग्नसराईतली आहे. काटोल रोडवरच्या एका लॉनचं काम माझ्याकडे होतं. रात्री साडेदहाला मी मागच्या बाजूला कॅटररच्या स्वयंपाकघरात गेले होते, बोर्डावरचा फोन नंबर चुकला होता तो सांगायला. समोर वरात आलेली, डीजेच्या आवाजाने पत्रे थरथरत होते. मागे मात्र स्वतंत्र राज्य होतं. दोन भट्ट्या, कढईत तर्री, एका चटईवर पाच बाया दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी लसूण सोलत बसलेल्या, दोन मुलं कणीक तिंबत होती. खिळ्याला एक साधा मोबाइल टांगलेला, इअरफोनची वायर अँटेना म्हणून वर ताणून खिडकीच्या गजाला गुंडाळलेली, आणि स्पीकरवर तोच शो. नॉनस्टॉप, मध्ये बडबड नाही. कणीक तिंबणाऱ्या मुलाचे हात ठेक्यावर पडत होते. लसणाची टोपली भरली की एक मावशी ती उचलून देताना बसल्या बसल्या खांदे हलवायची, बाकीच्या हसायच्या. मी मोजलं, अकरा जण होते. मोबाइल एक.

मी त्या मावशींना विचारलं, "कोणतं स्टेशन आहे हे?"

"आमाले का मालूम बाप्पा! शनवारी नाचाचे गाणे लागते, थे लाव म्हनतो याले. काम पटापट होते न."

पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच काम निघालं, तेव्हाही शनिवार होता. वायर त्याच गजाला, शो तोच. मी अकराला आले, बाराला निघाले, तोवर स्टेशन बदललं नव्हतं.

डायरीची सगळी मदार नावावर असते. ऐकणाऱ्याला स्टेशनचं नाव किंवा आरजेचं नाव आठवलं पाहिजे, तरच ते लिहिलं जातं. सकाळचा आरजे मिनिटामिनिटाला स्वतःचं आणि स्टेशनचं नाव घेतो. होर्डिंगवर त्याचा फोटो असतो. पाच मिनिटं ऐकणाराही त्याचंच नाव लिहून मोकळा होतो. डान्स शोची मजाच ही की बोलणं कमी, एका गाण्यातून दुसरं गाणं निघतं, ठेका तुटत नाही. म्हणजे शो जितका चांगला, तितकं त्याचं नाव डायरीत यायची शक्यता कमी. त्या मावशींना उद्या डायरी दिली तर त्या रकाना कोराच ठेवतील. आणि स्लाइडवर कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच निघतो, श्रोता नाही.

हे मी नुसतं अंदाजाने म्हणत नाही. अमेरिकेत आर्बिट्रॉन कंपनी वर्षानुवर्षं डायरीच भरून घ्यायची. २००७ पासून त्यांनी एक छोटं यंत्र आणलं, पोर्टेबल पीपल मीटर. ते कमरेला लावून फिरायचं. स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारा कोड मिसळलेला असतो, यंत्र तो ओळखतं, माणसाला काही आठवावं लागत नाही. मोजण्याची रीत बदलताच आकडे बदलले. लोक डायरीत लिहायचे त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त स्टेशनं ऐकत होते, पण प्रत्येकावर कमी वेळ थांबत होते. पण त्या यंत्राचंही सगळं गोड नव्हतं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक श्रोत्यांच्या स्टेशनांचे आकडे एकदम पडले. यंत्र घेऊन फिरणाऱ्यांमध्ये हे लोक पुरेसे घेतलेच नाहीत, अशी तक्रार झाली. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने आर्बिट्रॉनवर खटला भरला आणि २००९ च्या जानेवारीत तडजोड झाली. यंत्र कितीही हुशार असलं तरी ते कोणाच्या कमरेला आहे, हा प्रश्न राहतोच.

त्याच न्यूयॉर्कमधली आणखी एक गोष्ट. १९७८ च्या जुलैत डब्ल्यूकेटीयू नावाच्या, फारसं कोणी ऐकत नसलेल्या एफएम स्टेशनने सगळं सोडून डिस्को लावायला सुरुवात केली. काही महिन्यांत ते शहरात पहिल्या नंबरवर गेलं, वर्षानुवर्षं वर असलेल्या डब्ल्यूएबीसीला मागे टाकून. त्याआधीच्या आकड्यांवरून कोणी म्हटलं असतं की डिस्कोला रेडिओवर गिऱ्हाईक नाही, तर ते आकड्यांपुरतं बरोबरच ठरलं असतं. लावलंच नव्हतं, तर ऐकणार कोण आणि मोजणार काय?

लंडनचं किस एफएम १९८५ मध्ये चोरून, बिनपरवाना सुरू झालं. त्याच्यामागे तरुणांची गर्दी होती, पण कायद्याने ते स्टेशनच नव्हतं. १९९० च्या सप्टेंबरमध्ये परवान्यासह ते पुन्हा सुरू झालं. श्रोते आधीपासून होतेच, त्यांना मोजायची सोय मागून आली. ब्रिटनमध्ये १९९२ पासून राजार ही संस्था मोजणी करते, बीबीसी आणि खासगी स्टेशनं मिळून ती चालवतात. त्यांची डायरी आठवड्याची, पंधरा मिनिटांचे रकाने. एका रकान्यात निदान पाच मिनिटं ऐकलं तर धरायचं. बीबीसी रेडिओ वनवर पीट टाँगचा शुक्रवारचा डान्स शो १९९१ मध्ये सुरू झाला, दोन तासांचा सलग 'इसेन्शियल मिक्स' १९९३ पासून चालू आहे, तोही रात्रीच. सकाळच्या शोशी त्याची बरोबरी लावली असती तर तो कधीच गुंडाळला गेला असता. तिथे त्यांनी रात्रीला रात्रीच्या मापाने तोललं.

आपल्याकडे माप एकच, रीच. किती डोकी ऐकतात. किती वेळ ऐकतात हे स्लाइडवर क्वचितच येतं. सकाळचा श्रोता धरमपेठेतून बर्डीला निघतो, गाडीत पंधरा मिनिटं, त्यातही सिग्नलला चॅनेल बदलतो. काटोल रोडच्या त्या मोबाइलवर मी होते तो अख्खा तास कोणी हात लावला नाही. साडीवाल्याची जाहिरात त्या मावशींच्या कानावर एका रात्रीत चार वेळा पडत असेल, तर मला त्यांचा एक तास त्या गाडीवाल्याच्या पंधरा मिनिटांपेक्षा मोलाचा वाटतो. लग्नसराईत खरेदीला कोणती बाई चालली आहे, हेही माझ्या धंद्याला कळायला हवं ना!

मी एक छोटा प्रयोगही केला होता. गेल्या वर्षी इतवारीतल्या एका क्लायंटच्या दुकानासाठी शनिवार रात्रीच्या शोमध्ये स्पॉट घेतला. त्यात एक शब्द ठेवला, काउंटरवर तो सांगितला की मॅचिंग ब्लाउजपीस मोफत. सकाळच्या स्पॉटमध्ये दुसरा शब्द. दुकानात वही ठेवली. महिनाभराने पाहिलं तर रात्रीचा शब्द सांगणारे सकाळच्यांपेक्षा जास्त निघाले, आणि रात्रीचा रेट सकाळच्या निम्म्याहूनही कमी होता. एका दुकानाच्या वहीवरून शहराचं गणित मांडता येत नाही, ते मला कळतं. पण ती वही नागपूरची आहे, त्या स्लाइडसारखी मुंबईची नाही. क्लायंटने पुढच्या वर्षी रात्रीचे स्पॉट वाढवायला सांगितले होते. मी मेलमध्ये स्टेशनला ते कळवलंही होतं. तरी शो गेला.

कोणी म्हणेल, नागपूर झोपाळू शहर आहे, रात्री दहाला शटर पडतात. १३ एप्रिलला रात्री बाराच्या ठोक्याला संविधान चौकात या. मारबतीच्या दिवशी इतवारीत या. ज्या शहरात पोळा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर नाचतात, तिथे नाचाच्या गाण्यांना ऐकणारं कोणी नाही हे मी मान्य करणार नाही. आणि रात्री जागं कोण असतं? मेडिकल चौकातले ऑटोवाले, बुटीबोरी आणि हिंगण्याची रात्रपाळी, कळमन्याला माल उतरवणारे हमाल, लॉनमागचे आचारी. यांच्या घरी सर्व्हेवाला दुपारी गेला तर ते झोपलेले असतात.

माझे बाबा सांगायचे, १९४८ पासून चालू असलेल्या आपल्या नागपूर आकाशवाणीवर फर्माइशीची पोस्टकार्डं यायची. त्यांच्या मोहल्ल्यात एका कार्डावर वीसवीस नावं असायची. कार्ड एक, पण वाचताना सगळी नावं वाचली जायची. एका रेडिओभोवती वीस माणसं बसू शकतात, हे तेव्हा पोस्टकार्डावर दिसत होतं.

स्टेशनला जाहिरात लावायला सांगणारा जो कागद जातो, त्या माझ्या नव्या रिलीज ऑर्डरमध्ये मी आता एक ओळ टाकते: श्रोत्यांचा आकडा देत असाल तर शहर, साल आणि मोजणीची पद्धत लिहून द्यावी. दोन स्टेशनांनी ती ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही. शहरातल्या बाकी एजन्सीवाल्यांनी, आणि जे दुकानदार थेट स्टेशनशी बोलतात त्यांनीही, एवढं तरी विचारावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढच्या गुरुवारी त्या स्टेशनच्या प्रोग्रामिंगवाल्यांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. इतवारीच्या दुकानाची वही सोबत नेते आहे. तुमच्यापैकी जे शनिवारी रात्री तो शो ऐकायचे, त्यांनी खाली एवढंच लिहा: कुठे ऐकायचे, किती वाजेपर्यंत, आणि त्या एका रेडिओभोवती किती जण असायचे. स्टेशनचं नाव आठवत नसेल तरी चालेल. मी सगळं कागदावर उतरवून नेईन.