स्वस्त आहे, पण अलाइनमेंटचे पैसे बाजूला ठेवा

एअर सस्पेन्शनची एसयूव्ही खाली करायला महागडं किट कशाला, अ‍ॅडजस्टेबल लिंक पुरतात, हा लेखातला मुद्दा शंभर टक्के पटला. चाकाजवळच्या हाइट सेन्सरला जोडलेल्या त्या छोट्या दांडीची, म्हणजे लिंकची, लांबी बदलली की कंट्रोल युनिटला गाडी आहे त्यापेक्षा उंच वाटते आणि ते बेलोजमधली, म्हणजे गाडी तोलणाऱ्या रबरी पिशव्यांमधली, हवा सोडतं. ना स्प्रिंग कापायची, ना काही तोडफोड. मूळ लिंक जपून ठेवल्या तर गाडी पूर्ववतही होते.

पण अलाइनमेंटचा उल्लेख लेखात हवाच होता. गाडी बसली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाची डावी-उजवीकडची दिशा) दोन्ही बदलतात. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो, आतली कड मात्र रबराखालच्या स्टीलच्या तारा दिसेपर्यंत झिजते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात फिरवून बघा, म्हणजे कळेल. चारही लिंक मोजून बसवा; व्हील सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. पुढचं-मागचं प्रमाण चुकलं तर बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा झोतही बिघडतो, कारण तो याच सेन्सरवर चालतो.

जुनी गाडी असेल तर आधी बेलोजवर साबणाचं पाणी मारून गळती तपासा, नाहीतर सतत हवा भरून कॉम्प्रेसर जाईल आणि सगळी बचत त्यातच.

नवी मुंबईच्या गुळगुळीत पाम बीच रोडला खाली बसलेली गाडी छानच चालते. ठाण्याच्या घोडबंदर रोडला पावसाळ्यात तसं करू नका, प्लीज! खड्ड्यात गाडी थेट बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणाऱ्या रबरावर) आपटते. आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा.