अँटॅगोनिझमशी उभा दावा

दोन माणसांचं पटत नाही, हे सांगायला मराठीत काय कमी सोय आहे? वैर, खुन्नस, उभा दावा, विळ्याभोपळ्याचं सख्य. शब्द सुचलाच नाही तर छत्तीसचा आकडा आहेच. देवनागरीतले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत, तेवढ्यावर काम भागतं. पण हेच इंग्रजी मेलमध्ये साहेबांना कळवायची वेळ आली की माणूस उघडा पडतो. आमचे दोन विभाग एकमेकांना पाण्यात पाहतात, हे मला त्यांना लिहायचं होतं. छत्तीस म्हटलं असतं तर त्यांनी 'कशाचे?' म्हणून विचारलं असतं.

शब्दकोशाने अँटॅगोनिझम पुढे केला. शब्द दिसायला भारदस्त. उच्चारताना जोर दुसऱ्या अक्षरावर, 'टॅ'वर द्यायचा. जीभ मात्र पहिल्या 'अँ'वरच पाय रोवून उभी. बरं, मेलमध्ये उच्चार लागत नाही म्हणून पुढे गेलो, तर क्रियापद आडवं आलं. नाम म्हणजे वैर, विरोध. मग अँटॅगोनाइझ म्हणजे विरोध करणे, असं कुठल्याही सरळमार्गी माणसाला वाटेल. तर नाही. अँटॅगोनाइझ करणे म्हणजे समोरच्याला डिवचून आपल्यावर उलटवून घेणे. म्हणजे प्रस्तावाला विरोध करता येतो, पण त्याला अँटॅगोनाइझ करायचं तर आधी त्याला राग यायला हवा. प्रस्तावाला कसला राग येतोय! तो मांडणाऱ्याला येतो, ते वेगळं.

मग अव्ययं. दोघांमधलं वैर असेल तर बिट्वीन, एकाचं दुसऱ्याबद्दल असेल तर टुवर्ड्‌स. मराठीचा एकटा '-शी' हे सगळं निभावतो. भांडणही त्याच्याशी आणि लग्नही त्याच्याशी.

एवढ्यावर मेल पाठवून मोकळं व्हावं की नाही? पण मला नको तिथे उकरायची सवय. शब्दाचं मूळ ग्रीक, त्यात 'अगॉन' म्हणजे झुंज, स्पर्धा. इथवर ठीक. पुढे शरीरशास्त्रवाल्यांनी तो उचलला. कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप्स, आकसतो आणि मागचा ट्रायसेप्स सैल सोडतो. हात सरळ करताना उलट. हे दोघे म्हणे अँटॅगोनिस्ट! एकाने ओढलं की दुसऱ्याने सोडायचं, आणि उद्या पाळी बदलायची. इतकं समजूतदार वैर आमच्या विभागांत असतं तर मेलची गरजच काय होती?

औषधशास्त्रातला अँटॅगोनिस्ट मात्र बघताक्षणी ओळखीचा वाटला. नॅलॉक्सोन हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण. अफूच्या जातीची औषधं पेशीवर ज्या जागी बसून आपला प्रभाव दाखवतात, तीच जागा हा पटकावतो. बसल्यावर स्वतः काही करत नाही, दुसऱ्याला काही करू देत नाही. त्या औषधांचा डोस जास्त झाला तर याच गुणाने जीव वाचतो. हाच गुण खुर्चीत बसलेल्या माणसात असला तर मात्र फायली जागच्या हलत नाहीत. अशा माणसाला मराठीत काय म्हणावं, ते अजून शोधतोय. 'अडेलतट्टू' जवळ जातो, पण तट्टू निदान लाथा तरी झाडतं.