मालक गेला नाही, भावा

कोल्हापुरात ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट फोर्क झाला, म्हणजे त्याची प्रत घेऊन कोणी पुढचं काम सुरू केलं, की पहिली कमिट (नोंदवलेला बदल) कोडची नसते, नावाची असते. मूळ लेखक वर्षानुवर्षं फिरकलेला नाही, इश्यूंचा (तक्रारी-सूचनांचा) ढीग पडलाय, मग राजारामपुरीतल्या पोराचा सवाल ठरलेला: "भावा, बेवारस हाय. त्याचं नाव काढून माझं टाकू?"

अरे, त्यानं काम सोडलंय, हक्क नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमही साहित्यकृती धरलाय. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. इश्यूला उत्तर देत नाही म्हणून माणूस मयत होत नाही. झालाच तरी ६० वर्षं थांब.

असा कोड वापरायची परवानगी लायसन्स देतं. त्यातल्या एमआयटी लायसन्सची अट एवढीच, की कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत राहिला पाहिजे. म्हणून त्याची ओळ जशीच्या तशी ठेवायची आणि खाली आपलं नाव, आपल्या कामाचं वर्ष. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अख्ख्या गल्लीचे फोटो बसवणाऱ्या गावाला एका जुन्या नावाची अडचण का व्हावी, हे मला कळत नाही. काही जण उदारपणे त्याच्याच ओळीतलं वर्ष चालू सालापर्यंत वाढवतात. म्हणजे तो बिचारा घरी बसून राबतोय!

सगळ्यात मोठा घोळ फाइंड-रिप्लेसचा. अख्ख्या फोल्डरवर मारलं की व्हेंडर फोल्डरमधल्या उसन्या लायब्रऱ्यासुद्धा (दुसऱ्यांचा तयार कोड) आपल्या पोराच्या नावावर चढतात. कमिटआधी गिट डिफ (काय काढलं, काय घातलं ते) बघायचा; वजा चिन्हाच्या, म्हणजे काढलेल्या ओळीत 'कॉपीराइट' दिसलं की हात आवरायचा. फाइलच्या माथ्यावर आपलं नाव घालायचं ते तिथं खरोखर काही लिहिलं असेल तरच. स्वल्पविराम हलवून कोणी लेखक होत नाही.

दुसरा घोळ बिल्डचा, म्हणजे वापरायची तयार फाइल बनवण्याचा. मिनिफायर (कोड आटवून लहान करणारं साधन) कॉमेंट, म्हणजे कोडमधली टीप, गिळतो, तिच्याबरोबर कॉपीराइटची नोटीसही. कॉमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह किंवा '@लायसन्स' ही खूण (प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत) असली तर बहुतेक साधनं ती ठेवतात. तरी तयार फाइल उघडून बघायची.

लायसन्स अपाचे २.० असेल तर बदललेल्या फाइलीत 'बदल केलाय' असं लिहायचं आणि नोटीस नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयाची नोंद पुढं न्यायची. जीपीएल या लायसन्समध्ये बदलाची तारीखही लागते. आणि "लायसन्सच बदलू की" म्हणणाऱ्यानं आधी गिट शॉर्टलॉग चालवून कोड लिहिणाऱ्यांची यादी बघावी. ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती लागते, आणि त्यातल्या निम्म्यांचे ईमेल परत येतात.

लायसन्स फाइलच नसेल तर? मग सगळे हक्क राखीव. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) फोर्कचं बटण दाबता येतं, पण तेवढ्यानं तो कोड गिऱ्हाइकाला देता येत नाही. लेखकाला 'कृपया लायसन्स जोडा' असा इश्यू टाकायचा, मेल करायचा. उत्तर आलं नाही तर दुसरा प्रोजेक्ट शोधायचा, नाहीतर तो कोड न बघता स्वतः लिहायला बसायचं.