'स्प्लिटने काही मिळत नाही, मग भाव का चढला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. 'स्प्लिटने (म्हणजे एका शेअरचे अनेक शेअर करून, त्याच प्रमाणात भाव कमी करण्याने) संपत्ती वाढत नाही' हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला पुस्तकी वाटतं, कारण एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीने एकास दहा स्प्लिट जाहीर करताच भाव उसळला. दुसरं म्हणजे, स्प्लिटच्या दिवशी तुमच्या ॲपवर 90 टक्के तोटा दिसला आणि त्याबद्दल लेखात चकार शब्द नव्हता.

एनव्हिडियाची घोषणा 22 मे 2024 ची. त्याच संध्याकाळी तिमाही निकाल आले, त्यात विक्री वर्षभरापूर्वीच्या साडेतीन पटींहून जास्त होती. वर लाभांशही वाढवला. मग उसळीचं श्रेय एकट्या स्प्लिटला कसं द्यायचं? ॲपलनेही 30 जुलै 2020 ला एकास चार स्प्लिट निकालांसोबतच जाहीर केला होता. मुळात भाव खूप चढल्यावरच कंपन्या स्प्लिट करतात. आधी तेजी, मग स्प्लिट, हा क्रम उलटा वाचला की गफलत होते. स्वस्त दिसतो म्हणून काही दिवस नवे खरेदीदार येतात, हे मान्य. पण त्याने कंपनीचा नफा एका पैशानेही वाढत नाही.

एनव्हिडियाच्या लाभांशातही हाच घोळ होऊ शकतो. आधी शेअरमागे 4 सेंट होते, स्प्लिटनंतर 1 सेंट. कपात वाटते ना? एका जुन्या शेअरचे दहा झाले, म्हणजे त्याच्यामागे 10 सेंट. लाभांश अडीचपट झाला!

आता तुमचा तोटा. समजा 50 शेअर आहेत, भाव 1200, खरेदी 800 ची. एकाचे दहा झाले की 500 शेअर, भाव 120, खरेदी 80. गुंतवणूक आधीही 40,000, नंतरही 40,000. पण बाजारात भाव सकाळीच बदलतो आणि नवे शेअर खात्यात जमा व्हायला कधीकधी वेळ लागतो. तोवर ॲप 50 ला 120 ने गुणतं आणि 60,000 च्या जागी 6,000 दाखवतं. हाच तुमचा 90 टक्के तोटा. तो फक्त पडद्यावरचा आहे. घाबरून त्या भावाला विकलंत, तरच गोंधळ वाढेल.

खरा धोका जुन्या ऑर्डरींचा असतो. 1000 ला लावलेला स्टॉप-लॉस (भाव तिथवर घसरला की शेअर आपोआप विकण्याची ऑर्डर) तसाच राहिला, तर 120 ला बाजार उघडताच तो लागू होतो. काही ब्रोकर अशा ऑर्डर रद्द करतात, काही नव्या भावाला जुळवून घेतात. त्यांच्यावर विसंबू नका, आदल्या दिवशी स्वतः काढून टाका आणि नव्या भावाने पुन्हा लावा.

एका ठिकाणी मात्र स्प्लिटने खरंच फरक पडतो. डाऊ जोन्स या 30 बड्या अमेरिकी कंपन्यांच्या निर्देशांकात प्रत्येक कंपनीचं वजन शेअरच्या भावावर ठरतं, बाजारमूल्यावर नाही. ॲपलचा भाव चौथ्या हिश्श्यावर येताच तिथलं त्याचं वजन घसरलं, आणि त्याच दिवसापासून, म्हणजे 31 ऑगस्ट 2020 पासून, निर्देशांकातल्या तीन कंपन्या बदलण्यात आल्या. कंपनी तीच, नफा तोच, तरी निर्देशांकातला वाटा वेगळा.

नवे शेअर जमा झाल्यावर सरासरी खरेदी भाव 80 झाला का, ते तपासा. काही ॲप्स संख्या बदलतात, पण खरेदी भाव 800 च ठेवतात, आणि मग विक्रीनंतर भांडवली नफ्याचा हिशोब चुकतो. खरेदीची तारीख जुनीच धरायची. आठवडा उलटूनही संख्या 50 च दिसत असेल, तर रेकॉर्ड डेटचं (ज्या तारखेला शेअर नावावर असणाऱ्यांना स्प्लिट लागू होतो, त्या दिवसाचं) होल्डिंग स्टेटमेंट जोडून ब्रोकरकडे लेखी तक्रार करा.