‘जुन्या हॉलिवूडमध्ये असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मजकूर सध्या फिरतोय: जुन्या अमेरिकी सिनेमात समलिंगी पात्रं नव्हतीच, कुणी बंदीही घातली नव्हती, प्रेक्षकांनाच ती नको होती, आता मात्र ती मुद्दाम घुसडतात.

‘नव्हतीच’ हे आधी बघू. १९३० च्या ‘मोरोक्को’त मार्लेने डिट्रिच पुरुषी टेलकोटात गाते आणि प्रेक्षकांतल्या एका बाईच्या ओठांचं चुंबन घेते. या भूमिकेला ऑस्करचं नामांकनही मिळालं! हे आटलं ते जुलै १९३४ पासून. चित्रपट तपासणाऱ्या, उद्योगाच्याच जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाचा शिक्का नसेल, तर बड्या कंपन्यांच्या थिएटरांत चित्रपट लागेना. ‘लैंगिक विकृती’ आणि तिची नुसती सूचनासुद्धा निषिद्ध, असं हेज कोडमध्ये, म्हणजे हे कार्यालय लावायचं त्या नियमावलीत, स्पष्ट होतं.

‘बंदी नव्हती’ हे अर्धं खरं. कोड सरकारचा नव्हता, चित्रपट उद्योगानेच तो स्वीकारला होता. पण कशामुळे? १९१५ साली सुप्रीम कोर्टाने सिनेमाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाकारलं होतं, राज्याराज्यांत सेन्सॉर मंडळं होती, कॅथलिक संघटना बहिष्काराची धमकी देत होत्या. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तर १९२७ पासून कायदाच होता: असा विषय मांडला तर थिएटरला टाळं.

आता प्रेक्षक. दोन शिक्षिकांमध्ये प्रेमसंबंध असल्याची आवई एक विद्यार्थिनी उठवते, असं लिलियन हेलमनचं ‘द चिल्ड्रन्स अवर’ हे नाटक १९३४ मध्ये ब्रॉडवेवर आलं. त्या कायद्याकडे काणाडोळा झाला आणि ६९१ प्रयोग झाले. नको असलेल्या नाटकाला एवढी तिकिटं खपतात? पडद्यावर मात्र मूळ नावसुद्धा चालेना. १९३६ च्या ‘दीज थ्री’मध्ये आवई बदलली: एक शिक्षिका दुसरीच्या नियोजित नवऱ्यात गुंतलीय. पटकथा हेलमनचीच, दिग्दर्शक विल्यम वायलर. त्याच वायलरने कोड सैल झाल्यावर, १९६१ साली, मूळ विषयावर पुन्हा चित्रपट केला. त्यातही प्रेमाची कबुली देणारी गळफास घेते. सवलत मिळाली ती अशी.

राहिलं ‘घुसडणं’. खरं तर होतं तेच काढून टाकलं जायचं. ‘क्रॉसफायर’ ज्या कादंबरीवर बेतलाय, तिच्यात खून होतो समलिंगी माणसाचा. १९४७ च्या पडद्यावर तो ज्यू झाला. १९६० च्या ‘स्पार्टाकस’मध्ये रोमन सेनानी क्रॅसस (लॉरेन्स ऑलिव्हिए) गुलामाला शिंपले आवडतात की गोगलगायी, म्हणजे बायका की पुरुष, असं आडून विचारतो, तो प्रसंग चित्रित होऊनही कापला गेला. १९९१ मध्ये तो परत जोडला, पण मूळ आवाज हरवला होता आणि ऑलिव्हिए हयात नव्हते. त्यांचे संवाद अँथनी हॉपकिन्सनी म्हटले.