टिम केन यांना 'फितूर' म्हणणाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

आज ग्रुपवर पुन्हा तेच. "केनने नोव्हेंबरमध्ये पक्षाला दगा दिला," आणि खाली अंगठ्यांची रांग. केन म्हणजे व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सीनेटर. नोव्हेंबर २०२५ मध्ये शटडाउन, म्हणजे खर्चाचा कायदा नसल्याने बंद पडलेलं सरकारी कामकाज, उठवायला त्यांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं, त्यावरून हे. व्हर्जिनियात राहून, कितीतरी घरांचा पगार सरकारी पैशावर अवलंबून असताना हे लिहिता? राग आला म्हणून लिहितेय.

आमच्या शेजारच्या वहिनी एका केंद्रीय खात्यात कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. त्यांच्या पलीकडच्या टेबलावरची बाई सरकारी नोकर. काम जवळपास एकच, फक्त बॅजचा रंग वेगळा. १ ऑक्टोबर २०२५ ला शटडाउन लागलं आणि दोघी घरी बसल्या. ४३ दिवसांनी ते उठलं. बाईंना सगळा थकलेला पगार मिळाला, वहिनींना एक डॉलरही नाही.

बाईंना तो मिळाला कारण तसा कायदा आहे. २०१९ च्या जानेवारीत, ३५ दिवसांचं शटडाउन चालू असताना, तो मंजूर झाला. मतदान ठरल्याशिवाय सीनेट उठू द्यायची नाही म्हणून तेव्हा केन अडून बसले होते. त्याआधी प्रत्येक वेळी थकीत पगारासाठी वेगळी मंजुरी लागायची. आता शटडाउन उठलं की पगाराच्या तारखेची वाट न पाहता शक्य तितक्या लवकर पैसे द्यावे लागतात. पण त्याच महिन्यात त्यात एक दुरुस्ती झाली: शटडाउन संपवणारा खर्चाचा कायदा मंजूर झाल्यावर, अशा अर्थाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट कार्यालयाने नेमकं त्याच शब्दांवर बोट ठेवलं. म्हणे, पगार आपोआप मिळत नाही, काँग्रेसने पैसे वेगळे मंजूर करायला हवेत. एवढ्याशा शब्दांवर लाखो घरांचे हप्ते टांगले होते!

म्हणून नोव्हेंबरचं ते मत. डेमोक्रॅटिक गटातल्या आठ जणांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं, त्यांत केन होते. बदल्यात त्यांनी मागितलं ते कागदावर आलं: शटडाउनच्या काळात काढलेल्या कर्मचारी कपातीच्या नोटिसा रद्द, ३० जानेवारी २०२६ पर्यंत नवी कपात नाही, आणि थकीत पगार नक्की. ज्यांच्यासाठी पक्ष अडून बसला होता, त्या आरोग्य विम्याच्या सवलती मात्र हाती लागल्या नाहीत. फक्त मतदानाचं आश्वासन मिळालं आणि डिसेंबरमध्ये त्याला लागणारी ६० मतं जमली नाहीत. हे मान्य. पुढे.

या माणसाची बाकीची कामं बघा, सगळीकडे एकच हट्ट दिसतो: एका माणसाच्या सहीवर काही राहता कामा नये, ते कायद्यात बसवा. मार्को रुबिओ सीनेटर असताना त्यांना बरोबर घेऊन केन यांनी २०२४ च्या संरक्षण कायद्यात कलम घातलं: सीनेटची दोन तृतीयांश संमती किंवा काँग्रेसचा कायदा असल्याशिवाय कुठल्याच राष्ट्राध्यक्षाला अमेरिकेला नाटोबाहेर काढता येणार नाही. इराणचंही तसंच: काँग्रेसच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाने इराणशी लढाई करू नये, असा केन यांचा ठराव. १९७३ च्या युद्धाधिकार कायद्याचा आधार घेऊन एकटा सीनेटर ठराव आणू शकतो. समितीने १० दिवस दाबून ठेवला तरी तो सभागृहात ओढता येतो आणि तिथे साधं बहुमत पुरतं, ६० मतं लागत नाहीत. केन यांचा ठराव फेब्रुवारी २०२० मध्ये ५५-४५ ने मंजूर झाला, रिपब्लिकन मतांसकट. मे महिन्यात ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला आणि तो मोडायला दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. या रस्त्याची खरी अडचण तीच. १९८३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर असा ठराव सहीसाठी राष्ट्राध्यक्षाकडेच जातो, म्हणजे ज्याला थांबवायचं त्याच्याच टेबलावर. तरीही मतदान घडवून आणलं की प्रत्येक सीनेटरला लढाईच्या बाजूने की विरोधात हे नावानिशी नोंदवावं लागतं.

जंगलाबद्दल तर तुम्ही कुणी बोलतच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनातली शेनान्डोआ माउंटनची ९० हजार एकरांहून जास्त जमीन कायमची राखायचं विधेयक केन आणि व्हर्जिनियाचे दुसरे सीनेटर वॉर्नर यांनी आणलंय. हॅरिसनबर्ग आणि स्टॉन्टनचं पिण्याचं पाणी याच डोंगरातून येतं. सगळंच 'विल्डरनेस', म्हणजे कडक संरक्षणातलं रान, केलं असतं तर तिथे करवती यंत्र सोडाच, सायकलही चालत नाही. म्हणून बाहेर थोडा सैल 'सीनिक एरिया' आणि आत विल्डरनेसचे तुकडे अशी आखणी. राष्ट्राध्यक्षाच्या घोषणेवर भागत नाही का? युटामधलं बेअर्स इअर्स हे राखीव क्षेत्र बघा. २०१६ मध्ये ओबामांनी सही करून साडेतेरा लाख एकर राखीव केले, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सहीनेच त्यातले ८५ टक्के कापले, २०२१ मध्ये बायडन यांनी परत जोडले. काँग्रेसने विल्डरनेस ठरवलेली जमीन अशी सहीसरशी हलत नाही. विधेयक अजून रखडलंय, हेही खरं.

आणि वहिनी? खरं तर इथे माझा केन यांच्यावरही राग आहे. पगाराचा कायदा फक्त सरकारी नोकरांचा. वहिनींच्या कंपनीला काम थांबवायचा आदेश आला, आधी त्यांच्या साठवलेल्या सुट्ट्या खर्ची पडल्या, मग बिनपगारी. त्यांच्यासारख्यांसाठी मिनेसोटाच्या सीनेटर टिना स्मिथ यांचं विधेयक आहे. कंत्राटी कामगारांचा थकलेला पगार सरकारने कंपनीला भरून द्यावा, सफाईवाल्यांपासून सिक्युरिटी गार्डपर्यंत. २०१९ मध्येही ते झालं नाही, आत्ताही नाही. नोव्हेंबरच्या सौद्यात हे का नव्हतं?

दरम्यान, पुन्हा वेळ आली तर कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात बेकारी भत्त्याचा अर्ज करावा, आणि दर आठवड्याची नोंद चुकवू नये, नाहीतर तो आठवडा जातो. सरकारी नोकरांना मागचा पगार मिळाला की भत्ता परत करावा लागतो. तुम्हाला तो पगारच मिळत नाही, त्यामुळे भत्ता तुमचाच. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) असेल तर 'मी स्वतःहून बिनपगारी रजा घेतोय' अशा ईमेलवर सही करू नका. काम नाही म्हणून तुमचा पगार थांबवणं कंपनीला कायद्याने चालत नाही, पण रजा तुम्हीच मागितलीत तर तो हक्क गेला.

आणि केन यांच्या ऑफिसला फोन करा. झिप कोड आधी सांगा, म्हणजे तुम्ही व्हर्जिनियाचे मतदार आहात हे कळेल. स्मिथ यांच्या विधेयकाचा उल्लेख करा, "कंत्राटी कामगारांचा पगार पुढच्या खर्चाच्या कायद्यात घाला" एवढंच मागा. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी किती जणांनी फोन केला, ते खाली लिहा.