ओबामांनी प्रोपगंडा कायदेशीर केला, असं सांगणारा तो मेसेज

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाकडून. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मजकूर हाच: "अमेरिकेत १९४८ पासून सरकारला आपल्याच जनतेवर प्रोपगंडा करायला बंदी होती. ओबामांनी २०१३ मध्ये ती गुपचूप उठवली. आता सीआयए आणि पेंटागॉन तिथल्या चॅनेलना खोट्या बातम्या पुरवतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. ऑपरेशन मॉकिंगबर्डचाच कायदा झाला आहे." (ऑपरेशन मॉकिंगबर्ड म्हणजे सीआयएने पत्रकारांना हाताशी धरून बातम्या पेरल्याचा जुना आरोप.)

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. सरकारी मजकूर बातमी म्हणून वाचकाच्या हातात जाऊ नये, याची काळजी मला रोज घ्यावी लागते. म्हणून या मेसेजमागची भीती मला खोटी वाटत नाही. मेसेज मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीने नुकसान होतं. बंदी उठलीच आहे असं एकदा मानलं, की जी बंदी आजही कायद्यात आहे ती पाळली जाते का, हे विचारायला कोणी उरत नाही.

पहिलं विधान १९४८ चं. त्या वर्षी २७ जानेवारीला ट्रुमन यांनी सही केलेला कायदा म्हणजे स्मिथ-मंट कायदा. न्यू जर्सीचे सिनेटर अलेक्झांडर स्मिथ आणि साउथ डकोटाचे प्रतिनिधी कार्ल मंट यांच्या नावाने तो ओळखला जातो. परराष्ट्र खात्याला शांततेच्या काळातही परदेशी श्रोत्यांसाठी रेडिओ चालवता यावा, व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओसारखं काम करता यावं, म्हणून तो आणला होता. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकन संसदेला, तेव्हा परराष्ट्र खात्याचाच भरवसा वाटत नव्हता. खासगी वृत्तसंस्थांनाही सरकार आपल्या धंद्यात उतरेल अशी धास्ती होती. एपी आणि युनायटेड प्रेस यांनी १९४६ मध्येच खात्याच्या प्रसारणासाठी बातम्या देणं थांबवलं होतं. पण मूळ कायद्यात देशांतर्गत प्रसारावर स्पष्ट बंदी नव्हती. परदेशासाठी केलेला मजकूर पत्रकारांना आणि काँग्रेसच्या सदस्यांना मागितल्यावर पाहता येईल, एवढंच त्यात होतं.

बंदी आली ती १९७२ मध्ये, सिनेटर फुलब्राइट यांच्या आग्रहाने. १९८५ मध्ये सिनेटर झोरिन्स्की यांनी ती आणखी घट्ट केली. आणि ही बंदी होती कोणावर? परदेशात प्रसिद्धी करणाऱ्या यंत्रणेवर, म्हणजे परराष्ट्र खातं आणि त्या वेळची अमेरिकन माहिती संस्था यांच्यावर. आरोग्य खातं, शिक्षण खातं, पर्यावरण संस्था, पेंटागॉन, सीआयए यांना या कायद्याने कधीच हात लावलेला नव्हता. जी बंदी त्यांच्यावर नव्हतीच, ती ओबामा उठवणार कुठून?

दुसरं विधान, "गुपचूप उठवली". बदलाचं विधेयक टेक्सासचे रिपब्लिकन मॅक थॉर्नबेरी आणि वॉशिंग्टन राज्याचे डेमोक्रॅट अॅडम स्मिथ यांनी मिळून मांडलं होतं. मे २०१२ मध्येच बझफीड या वृत्त संकेतस्थळाने त्याची बातमी केली होती आणि आजच्या मेसेजमधली भीती तेव्हापासूनच फिरते आहे. पुढे संरक्षण खर्चाच्या मोठ्या विधेयकात ते घातलं गेलं. ओबामांनी २ जानेवारी २०१३ रोजी सही केली आणि सहा महिन्यांनी, २ जुलैला, ते लागू झालं. एवढ्या जाडजूड विधेयकाच्या पोटात ते घालावं का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते स्वतंत्र चर्चा व्हायला हवी होती. पण दोन्ही पक्षांनी मिळून मांडलेल्या, छापून आलेल्या विधेयकाला गुपचूप म्हणता येत नाही.

त्याने बदललं एवढंच: व्हॉइस ऑफ अमेरिकासारख्या संस्थांनी परदेशी श्रोत्यांसाठी केलेले कार्यक्रम मागितल्यास अमेरिकेतही देता येऊ लागले. तोपर्यंत करदात्याच्या पैशातून परदेशात आपलं सरकार काय सांगतं, हे त्याच करदात्याला सहजासहजी पाहता येत नव्हतं. १९९० नंतर असा मजकूर १२ वर्षं उलटल्यावर राष्ट्रीय अभिलेखागारातून मिळू लागला, तेवढंच. मिनियापोलिसमध्ये सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एका रेडिओ केंद्राने व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या सोमाली बातम्या मागितल्या, तर कायदा आडवा येतो म्हणून नकार मिळाला होता. या बदलाच्या बाजूने बोलणारे हेच उदाहरण देत असत.

आणि मेसेज पुढे पाठवणारे नेमकी एक गोष्ट वगळतात. त्याच दुरुस्तीत लिहिलं आहे की अमेरिकेतल्या जनमतावर प्रभाव पाडण्यासाठी या संस्थांचा निधी वापरता येणार नाही. ही तरतूद फक्त परराष्ट्र खातं आणि व्हॉइस ऑफ अमेरिका चालवणारं तेव्हाचं प्रसारण मंडळ यांना लागू आहे, दुसऱ्या कोणत्याही खात्याला किंवा संस्थेला नाही, हेही त्यातच आहे.

सीआयए आणि पेंटागॉनबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्यावरची बंधनं वेगळ्या कायद्यांत आहेत आणि २०१३ मध्ये त्यांना कोणी हात लावला नाही. १९९१ च्या गुप्तचर कायद्यात स्पष्ट वाक्य आहे की अमेरिकेची राजकीय प्रक्रिया, जनमत, धोरणं किंवा माध्यमं यांवर प्रभाव पाडण्याच्या हेतूने कोणतीही छुपी कारवाई करता येणार नाही. संरक्षण खात्याला देशांतर्गत प्रोपगंडावर पैसा खर्च करायला मनाई करणारं कलम तर ओबामांच्याच काळात, २०१० च्या संरक्षण कायद्याने, कायमस्वरूपी घातलं गेलं. सीआयएचे पत्रकारांशी छुपे संबंध होते, हे खरं आहे. सिनेटर चर्च यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीने १९७६ मध्ये अमेरिकन पत्रकार आणि माध्यमांतले कर्मचारी धरून सुमारे ५० जणांचे असे संबंध नोंदवले आहेत. पण सीआयएच्या कागदपत्रांत मॉकिंगबर्ड या नावाचा जो प्रकल्प सापडतो, तो १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या दोन स्तंभलेखकांचे फोन चोरून ऐकण्याचा होता. तेही गैरच. चॅनेलना बातम्या पुरवण्याशी मात्र त्याचा संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा: "पूर्णपणे कायदेशीर आहे." इथे मला जरा थांबायचं आहे.

अमेरिकेत १९५१ पासून खर्चाच्या कायद्यांत दरवर्षी एक ओळ येते. काँग्रेसने परवानगी दिल्याशिवाय देशांतर्गत प्रसिद्धी किंवा प्रोपगंडासाठी सरकारी पैसा वापरता येणार नाही. प्रोपगंडा म्हणजे काय, हे कायद्यात सांगितलेलं नाही. ती व्याख्या केली जीएओने. जीएओ म्हणजे काँग्रेसच्या वतीने सरकारचे हिशेब तपासणारी संस्था, आपल्या कॅगसारखी. तिने तीन गोष्टी निषिद्ध ठरवल्या: खात्याने स्वतःचा उदोउदो करणं, निव्वळ पक्षीय प्रचार करणं, आणि छुपा प्रोपगंडा करणं. छुपा म्हणजे मजकूर सरकारचा, पण वाचणाऱ्याला तो दुसऱ्याच कोणाचा वाटेल अशी व्यवस्था. मंत्री स्वतःच्या नावाने कितीही प्रचार करू दे, ही ओळ त्याला अडवत नाही. नाव लपवलं की अडवते.

२००४ ची गोष्ट बघा. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्य योजनेत औषधांची नवी सोय आली होती. योजना चालवणाऱ्या खात्याने टीव्ही केंद्रांना तयार व्हिडिओ पाठवले. वृत्तनिवेदकाने सुरुवातीला काय वाचायचं ते लिहून दिलं होतं. मग चित्रं, त्यात बुश सही करताना उभं राहून टाळ्या वाजवणारे लोक. आणि शेवटी एका बाईचा आवाज: "वॉशिंग्टनहून मी कॅरन रायन." ऐकणाऱ्याला वाटणार, आपल्या चॅनेलची वार्ताहर. प्रत्यक्षात ती सरकारने कंत्राटदारामार्फत कामावर घेतलेली जनसंपर्क क्षेत्रातली व्यक्ती होती. हा मजकूर, पूर्ण किंवा तुकड्यांत, ४० केंद्रांवरून गेला.

खात्याचा बचाव असा होता की व्हिडिओ कुणाकडून आला हे केंद्रांना माहीत होतं, मग लपवलं कुठे? जीएओने मे २००४ मध्ये तो फेटाळला. व्हिडिओ केंद्रांसाठी नव्हता, प्रेक्षकांसाठी होता, आणि प्रेक्षकाला काहीच कळत नव्हतं.

हा मुद्दा आमच्या डेस्कवरच्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट येते तेव्हा गावाच्या नावापुढे, तारखेनंतर कंसात "जिमाका" लिहिलेलं असतं. तो तीन अक्षरी शब्द पानावर राहिला, तर वाचकाला कळतं की हे प्रशासन बोलतं आहे. घाईत कुणी तो खोडला आणि तिथे "प्रतिनिधी" टाकलं, की मजकुरातली एक ओळही न बदलता तीच प्रेसनोट बातमी होऊन बसते. आमच्या एका जुन्या वृत्तसंपादकांनी मला पहिल्याच आठवड्यात यावरून झापलं होतं. "बातमी आपली नसेल तर नाव आपलं लावायचं नाही," एवढंच ते म्हणाले होते. कॅरन रायनच्या व्हिडिओत "जिमाका" खोडायचीही गरज नव्हती. प्रेक्षकापर्यंत पोचेल असं ते लिहिलेलंच नव्हतं.

हे एकच प्रकरण नाही. रेगन यांच्या काळात परराष्ट्र खात्याच्या एका कार्यालयाने निकाराग्वाबद्दलचे लेख बाहेरच्या लोकांच्या नावाने छापून आणले होते. एक लेख तर प्राध्यापकाच्या नावाने वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आला होता. जीएओने १९८७ मध्ये त्याला निषिद्ध छुपा प्रोपगंडा ठरवलं. २००५ मध्ये शिक्षण खात्याची पाळी आली. टीव्हीवरचे भाष्यकार आर्मस्ट्राँग विल्यम्स यांना सरकारी शिक्षण कायद्याची बाजू मांडण्यासाठी २ लाख ४० हजार डॉलरचं कंत्राट दिलं होतं, आणि ते प्रेक्षकांना सांगितलेलं नव्हतं. यूएसए टुडेने ते उघड केलं आणि जीएओने तेही बेकायदा ठरवलं.

मेसेज म्हणतो २०१३ नंतर सगळं मोकळं झालं. मग डिसेंबर २०१५ मध्ये जीएओने दिलेल्या निकालाचं काय? पर्यावरण संरक्षण संस्थेने, ओबामांच्याच प्रशासनातल्या संस्थेने, २०१४ मध्ये पाण्याच्या नव्या नियमाला पाठिंबा मिळवण्यासाठी समाजमाध्यमांवर एक मोहीम चालवली. स्वच्छ पाणी मला महत्त्वाचं वाटतं, मी या संस्थेच्या प्रयत्नांना पाठिंबा देतो, अशा अर्थाचा संदेश संस्थेने लिहिला. ९८० जणांच्या खात्यांवरून तो एकाच वेळी बाहेर पडला आणि सुमारे १८ लाख लोकांपर्यंत जाऊ शकत होता. पुढे तो वाचणाऱ्याला वाटणार, आपल्या ओळखीचा माणूस मनातलं बोलतो आहे. जीएओचा निष्कर्ष: छुपा प्रोपगंडा, कायद्याचा भंग. ज्या बंदीचं २०१३ मध्येच विसर्जन झालं म्हणतात, तिचाच हा भंग होता.

तर बंदी आहे. तिचा दरारा किती, हा प्रश्न वेगळा आहे, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी इथे लक्ष दिलं असतं तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. जीएओचं मत सरकारी खात्यांवर बंधनकारक नाही. २००५ मध्ये न्याय खात्याच्या कायदा कक्षाने उलट मत दिलं: व्हिडिओत निव्वळ माहिती असेल, भलामण नसेल, तर स्रोत लपवला तरी चालतो. व्हाइट हाउसने आपल्या खात्यांना याच मतानुसार चालायला सांगितलं. माहिती आणि भलामण यांची सीमा खात्यांनीच ठरवायची, असा त्याचा अर्थ होता. तेव्हा काँग्रेसने मे २००५ मध्ये सिनेटर बर्ड यांची तरतूद आणून तयार बातम्यांत सरकारचं नाव स्पष्ट हवं असं म्हटलं, पण ती त्या वर्षाच्या खर्चापुरतीच होती. कायमचा कायदा करण्याचा प्रयत्न त्याच वर्षी झाला आणि तो पार पडला नाही. विल्यम्स प्रकरण २००६ मध्ये ३४ हजार डॉलर परत करण्याच्या तडजोडीवर मिटलं.

२००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की टीव्हीवर स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून बसणाऱ्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पेंटागॉन खास माहिती देऊन आपली बाजू पढवत होतं. पुढच्या वर्षी जीएओने त्यात कायद्याचा भंग झाला नाही असं सांगितलं. मला तो निकाल पटलेला नाही. पण कायद्याची खरी फट ती आहे आणि तिचा २०१३ शी काही संबंध नाही.

मावसभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मग मी काय करणार? मी त्याला सांगितलं की विल्यम्स प्रकरणाची तपासणी दोन सिनेटरांच्या मागणीवरून झाली होती. एक मॅसॅच्युसेट्सचे केनेडी. दुसरे लॉटेनबर्ग, त्याच्याच न्यू जर्सीचे. काँग्रेसच्या सदस्याने लेखी विचारलं की जीएओ असं प्रकरण हातात घेते. तो तिथला मतदार आहे, मी नाही. पत्रात काय लिहायचं, त्याने विचारलं. म्हटलं, चॅनेल कोणतं, तारीख कोणती, बातमी काय होती, आणि ती सरकारी पैशाने झाली असं तुला कशावरून वाटतं, एवढं लिही. मेसेज जोडू नकोस.